चढणीच्या माशांसाठी पहिल्या तीन रात्री राखाव्यात

महोदय,

आगोटीला, म्हणजे पावसाळा लागायला, आता महिना-सव्वा महिना उरला आहे. आमच्या कुडाळ तालुक्यातील वाड्यांवर खारे बांगडे, सोडे, गोलमा अशी सुकी मासळी घरोघरी भरली जात आहे, अंगणात कोकमांची सोले वाळत पडली आहेत आणि 1 मेच्या ग्रामसभांच्या नोटिसाही लवकरच लागतील. त्या ग्रामसभांमध्ये यंदा एक विषय आवर्जून घेतला जावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विषय चढणीच्या माशांचा आहे.

ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. पहिला मोठा पाऊस होऊन व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, तांबडे पाणी आले, की नदीच्या डोहांत उन्हाळा काढलेले मळये, खवळे, शेंगट्या असे मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. रायगड-ठाण्याकडे याच माशांना वलगणीचे मासे म्हणतात. सह्याद्रीत उगम पावून देवबागजवळ समुद्राला मिळणाऱ्या कर्लीसारख्या आमच्या आखूड नद्यांतून ते व्हाळांत येतात, व्हाळांतून पाटांत आणि पाटांतून मेरेवरून (बांधावरून) उड्या मारीत भाताच्या कुणग्यांत (खाचरांत) शिरतात. हा सारा खटाटोप अंडी घालण्यासाठी असतो. कुणग्यातले पाणी उथळ, संथ आणि कोमट असते, गवताच्या काड्यांना अंडी चिकटून राहतात, पिल्लांना खायला बारीक किडे आणि डासांच्या अळ्या मिळतात, आणि मोठ्या माशांचे भय तेथे कमी असते. बहुतेक जातींची अंडी एक-दोन दिवसांत उबतात. पुढे भात पोटरीला येऊन पाणी ओसरू लागले की बोटभर वाढलेली पिल्ले त्याच वाटेने नदीला परततात. आपण श्रावण संपल्यावर आणि थंडीच्या दिवसांत नदीत पाग (फेकजाळे) टाकून जो मासा आणतो, तो याच कुणग्यांत वाढलेला असतो.

या माशांना पकडण्याची चाल जुनीच आहे आणि मी ती लहानपणापासून पाहिली आहे. नारळाच्या सुक्या झावळ्यांची चूड पेटवून, हातात कोयती घेऊन वडील आणि शेजारचे काका रात्री मेरेवर उभे राहत. पाटाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा सापळा लावलेला असे. मी त्या माशांवर वाढलो आहे, म्हणून त्यांच्याविषयी परक्याच्या भूमिकेतून बोलत नाही. पहाटे आई ते मासे न्हाणीजवळच्या दगडावर चुलीतल्या राखेत घोळवून घाशी, कारण शेंगटीचा बुळबुळीतपणा राखेशिवाय सुटत नाही. ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे आणि हळद पाट्यावर गंधासारखी वाटून होई. तिरफळे मात्र ती कधी वाटणात घालत नसे. आदल्या वर्षीची सुकवलेली सात-आठ तिरफळे, आतली काळी बी काढून, वरवंट्याने जरा ठेचून उकळत्या कालवणात सोडायची, त्याच मे महिन्यात वाळवलेली चार सोले टाकायची आणि भांडे उतरवल्यावर वरून कच्चे खोबरेल सोडायचे, अशी तिची रीत होती. नदीच्या माशाला मातकट वास असतो आणि तो तिरफळाच्या उग्र, जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या चवीखाली पार दबून जातो. मासे धुतलेले पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी जाई, डोकी आणि पोटाचे काढलेले माडाच्या आळ्यात पुरले जाई.

त्या एका जेवणावर घर खूश असे, आणि पुढचे कित्येक दिवस कोणी व्हाळाकडे फिरकत नसे. याचे कारण परसात होते. पहिल्या पावसाबरोबर टाकळा उगवे. तो कोवळा असताना खोबरे आणि उन्हाळ्यात जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घालून त्याची भाजी होई. मागोमाग भारंगी आणि फोडशी येत. आईने शेणाच्या गोवरीत दाबून भिंतीला चिकटवून ठेवलेले तवशाचे आणि पडवळाचे बी मृगात मातीत जाई, भेंडीच्या ओळी न्हाणीच्या पाण्यावर वाढत आणि आषाढ सरता सरता मांडव वेलांनी भरून जाई. दोडक्यात मूठभर सोडे टाकले की त्या भाजीला मासळीची चव येई आणि सहा माणसांचे जेवण होई. ओला मासा आमच्या ताटात चवीपुरता होता, पोट भरण्याचे काम परसबाग आणि आगोटीची बेगमी करीत असे. चढणीच्या चार-पाच रात्रींपैकी एका रात्रीचे चार मासे घरात आले तरी पुरत. व्हाळात मासा शिल्लक राहत असे तो काही सगळ्यांच्या संयमामुळे नव्हे. आमच्याकडे उन्हाळ्यात डोह आटले की गेळफळे ठेचून पाण्यात टाकणारेही होते, हे मी लपवू इच्छित नाही. परंतु चुडीच्या उजेडात आणि कोयतीच्या धारेला जेवढा मासा येतो तेवढाच मरे, बाकीचा वर जाई, आणि ज्याला अधिकची गरज नाही तो घरी जाऊन झोपे.

आज साधनांची ती मर्यादा आणि ती कमी गरज, हे दोन्ही राहिलेले नाही. परसात सिमेंटचा कोबा घातला गेला आहे, भाजी घाटावरून टेम्पोने येते आणि ओला मासा साठवायला घरात फ्रीझर आहे. त्यामुळे चढणीच्या रात्री किती मासा धरायचा याला अंगची अशी मर्यादाच उरली नाही. 2025 साली मोसमी पाऊस 25 मे रोजीच कोकणात पोहोचला, हे वाचकांना आठवत असेल. आमच्याकडची कोकमे झाडावरच भिजली, अनेकांची सोले बुरशीने गेली, आगोटीची खरेदी अर्धवट राहिली आणि मासेही वेळेआधी चढले. पहिल्या लोंढ्यानंतरच्या सकाळी मी साकवाखाली (व्हाळावरच्या लहान पुलाखाली) गेलो होतो. एका काठाच्या करंजापासून दुसऱ्या काठाच्या करंजापर्यंत नायलॉनचे बारीक आसाचे जाळे ताणून बांधले होते. त्यातून बोटाएवढा मासाही वर जाऊ शकला नसता. दोन घमेली भरून मळये आणि शेंगट्या काठावर होत्या, जवळजवळ प्रत्येक मादीचे पोट गाभोळीने (अंड्यांनी) तट्ट फुगलेले होते, आणि दुपारपर्यंत खाऊन, वाटून, विकूनही उरलेले एक घमेले वास येऊ लागला म्हणून खड्ड्यात पुरले गेले. मी एक मादी हातात घेतली तेव्हा नुसत्या बोटाच्या दाबाने तिच्यातून पिवळी अंडी वाहू लागली. तिला आणखी शंभर पावलांवर कुणगा होता. ते जाळे कोणाचे होते हे येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण असे जाळे आता पुष्कळ व्हाळांवर दिसते.

याहून वाईट प्रकार वरच्या अंगाला चालतात. डोहात ब्लीचिंग पावडर सोडली की माशांचे कल्ले जळतात आणि ते तडफडत वर येतात. त्यांच्याबरोबर झिंगे, कुर्ल्यांची पिल्ले, बेडकांची पिल्ले आणि पाण्यातले किडेही मरतात, म्हणजे पुढच्या माशाचे अन्नसुद्धा जाते. बॅटरीच्या तारा पाण्यात सोडून मासा मारण्याचा प्रकारही सुरू झाला आहे. पाण्यात विष किंवा स्फोटके टाकून मासे मारणे हा 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनचा गुन्हा आहे, तरीही या गोष्टी दिवसाढवळ्या होतात. मरळीची गोष्ट तर मला अधिक बोचते. मरळ नर-मादी आपल्या पिल्लांवर पहारा देतात. पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्याच्या पृष्ठभागावर हलताना दिसतो आणि खाली आई-बाप असतात. त्या पुंजक्यात गळ सोडला की पिल्लांना वाचवायला झेप घेणारी मरळ हमखास लागते. मग राखण करणारेच गेल्यामुळे तासाभरात तो पुंजका इतर माशांच्या पोटात जातो. हे मी स्वतः दोनदा पाहिले आहे.

समुद्राच्या बाबतीत आपण अधिक शहाणे झालो आहोत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ज्या कुटुंबांचे पोट त्या नौकेवर आहे, ती कुटुंबे दोन महिने कळ सोसतात, कारण ते माशांच्या विणीचे दिवस आहेत हे त्यांना पटलेले आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करण्याची प्रथा तर कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. किनाऱ्यापासून आठ-दहा कोसांवर राहणारे आम्ही शेतकरी, ज्यांचे पोट माशावर मुळीच अवलंबून नाही, ते मात्र नेमक्या त्याच दिवसांत गाभोळीने भरलेला मासा घमेल्यांनी मारतो, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

शासनाने व्हाळांसाठीही तारखा ठरवून बंदी घालावी, असे मी म्हणत नाही. तारखेची बंदी येथे उपयोगाचीही नाही. 2025 साली 1 जून उजाडण्यापूर्वीच मासा चढून गेला होता. शिवाय प्रत्येक व्हाळावर पहारा ठेवायला माणसे कोठून आणायची? हे काम ज्या गावाचा व्हाळ आहे त्या गावानेच करायचे आहे. माझी सूचना अशी आहे, की व्हाळाला पहिले तांबडे पाणी आल्यापासून तीन रात्री कोणीही मासा धरू नये, असा ठराव ग्रामसभेने करावा. पहिल्या लोंढ्याबरोबर चढणारा मासा सर्वांत जास्त असतो आणि अंडी एक-दोन दिवसांत उबत असल्याने तीन रात्रींना अर्थ आहे. त्यानंतर ज्याला धरायचे असेल त्याने पाग टाकावा, सापळा लावावा, परंतु व्हाळाची निम्मी रुंदी नेहमी मोकळी राहिली पाहिजे, आणि काठापासून काठापर्यंतचे जाळे दिसले तर ते काढून पंचायतीत जमा केले जावे. ब्लीचिंग पावडर आणि विजेच्या तारांबाबत पोलिसांत तक्रार करण्याची जबाबदारी ठरावातच कोणावर तरी नावानिशी टाकावी, नाहीतर ती कोणाचीच राहत नाही.

यासाठी नवी समिती स्थापण्याचीही गरज नाही. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या नोंदवहीत आपल्या व्हाळातल्या माशांची नावे, ते कोणत्या पाटाने कोणत्या कुणग्यात चढतात याची माहिती, म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्यावी. आमच्या वाडीत हे काम मी दिवाळीनंतर हाती घेतले आणि ऐंशी वर्षांच्या एका आजींनी एका बैठकीत सतरा नावे सांगितली. त्यांतले सहा मासे मी गेल्या दहा वर्षांत पाहिलेले नाहीत.

काही जण म्हणतील, की गरिबाच्या ताटातला फुकटचा मासा तुम्ही काढून घेता. या आक्षेपाचा मी बराच विचार केला आहे. ज्याच्या घरी खरोखर दुसरे काही नाही तो माणूस चूड आणि कोयती घेऊन येतो, त्याचे चार मासे तीन रात्रींनंतरही त्याला मिळतील आणि भाद्रपदानंतर अधिक मिळतील. जाळे, बॅटरी आणि फ्रीझर असलेला माणूस गरीब नसतो. मासा संपल्यावर पहिला उपाशी राहणारा मात्र तो चूडवालाच असेल.

गाव ठरवील तर पाळतो, याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. महाड तालुक्यात वाळण येथे काळ नदीच्या कोंडातील (डोहातील) मोठमोठे मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी मारत नाही; लोक त्यांना चुरमुरे घालतात आणि ते पायऱ्यांजवळ येऊन खातात. आमच्या व्हाळाला देवाचा आधार नाही, त्याला ग्रामसभेचा पुरेल, असे मला वाटते.

आमच्या वाडीतील अकरा घरांनी यंदा तीन रात्री राखण्याचे तोंडी कबूल केले आहे आणि साकवाजवळ पाळीपाळीने दोघांनी बसायचे ठरले आहे. व्हाळाच्या वरच्या अंगाची दोन गावे सामील झाली नाहीत तर आम्ही सोडलेला मासा तेथे मारला जाईल, म्हणून त्या गावांतील वाचकांपर्यंत हा मजकूर ग्रामसभेपूर्वी पोहोचावा, यासाठी आपण हे पत्र शक्यतो एप्रिलअखेर प्रसिद्ध करावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग