नव्या कपाटाचा वास आणि मीटरवरचा आकडा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, नव्या कपाटाच्या खोलीत ठेवलेल्या हवा मोजणाऱ्या मीटरचा फोटो पाहिला. टीव्हीओसी (हवेतल्या सगळ्या सेंद्रिय वाफांची बेरीज) 1.8, फॉर्माल्डिहाइड (फळ्यांच्या डिंकातून सुटणारा वायू) 0.31, आणि खाली लाल अक्षरांत ‘धोका’. लगेच प्युरिफायर मागवू नका. आधी तो आकडा कुठून येतो ते पाहा.

अशा मीटरमध्ये बहुधा टिन ऑक्साइडचा छोटासा थर असतो, शेकडो अंशांपर्यंत तापवलेला. त्याच्यावर कुठलीही जळणारी वाफ आली की त्याचा विद्युतरोध घटतो. मीटरला कळतं ते एवढंच. ती वाफ कपाटातल्या डिंकाची, हाताला लावलेल्या सॅनिटायझरची की फरशी पुसण्याच्या द्रावणाची, हे त्याला सांगता येत नाही. ‘फॉर्माल्डिहाइड’ म्हणून वेगळा दाखवलेला आकडाही अनेकदा त्याच मापाला एका ठरावीक गुणकाने गुणून काढलेला असतो. दुसरी गोची अशी की असे बरेच सेन्सर गेल्या काही दिवसांतली सगळ्यात स्वच्छ हवा ‘शून्य’ धरतात. खोली आठवडाभर बंद राहिली, तर तिथली कोंदट हवाच त्याला स्वच्छ वाटायला लागते.

म्हणून मीटर आधी तासभर उघड्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मग रात्रभर बंद ठेवलेल्या खोलीत सकाळी मोजा, खिडक्या अर्धा तास उघडून पुन्हा मोजा. तापमान आणि आर्द्रताही नोंदवा, कारण उकाड्यात आणि दमट हवेत एमडीएफमधून, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेल्या फळ्यांतून, फॉर्माल्डिहाइड जास्त सुटतं. फरक दिसला तर मीटर उपयोगाचा. आकडा खरा किती, ते मात्र त्याला विचारू नका.

खरा आकडा हवाच असेल तर प्रयोगशाळेकडून नमुना घ्यावा लागतो. फॉर्माल्डिहाइडसाठी डीएनपीएच हे त्याला पकडणारं रसायन लावलेल्या काडतुसातून मोजून हवा ओढतात. रंग-थिनरमधल्या टोल्यूइन, झायलीन वगैरेंसाठी टेनॅक्स ही वाफ शोषणारी भुकटी भरलेली नळी वापरतात आणि ती तापवून जीसी-एमएस या वाफा वेगळ्या करून ओळखणाऱ्या यंत्रावर तपासतात. एखादा तंत्रज्ञ हातातलं पीआयडी (अतिनील दिव्याने वाफेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सोडवून मोजणारं यंत्र) घेऊन आला आणि ‘फॉर्माल्डिहाइड अजिबात नाही’ म्हणाला, तर ते ऐकून सोडून द्या. त्या यंत्रातला नेहमीचा दिवा 10.6 इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. इलेक्ट्रॉन सुटायला बेन्झिनला सुमारे 9.2 लागतात, टोल्यूइनला 8.8, ते दिसतात. फॉर्माल्डिहाइडला जवळपास 10.9 लागतात, म्हणून ते त्या दिव्याला दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची फॉर्माल्डिहाइडची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला घनमीटरमागे 0.1 मिलिग्रॅम आहे, त्याच्याशी ताडून बघा.

आता कपाट. सनमायका लावलेल्या सपाट बाजूंतून फारसं काही सुटत नाही. सुटतं ते उघड्या कडांतून. दार उघडून बिजागरीजवळ बॅटरी मारा: बिजागरीची वाटी बसवायला 35 मिलिमीटरचा खड्डा कोरलेला असतो, आत कच्चा एमडीएफ. फळ्यांच्या खुंट्यांसाठीची 5 मिलिमीटरची भोकं तशीच, आणि मागच्या फळीची भिंतीकडची बाजू बऱ्याचदा पूर्ण उघडी. न वापरलेल्या भोकांत प्लॅस्टिकची बुचं बसवा. कडांना एजबँड (कडेला चिकटवायची पट्टी), नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल टेप. टेप दिसायला बरी नाही, पण धातूच्या पत्र्यातून वाफ जात नाही. मागच्या फळीला पाण्यात मिसळणाऱ्या सीलरचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. सीलरची स्वतःची वाफही काही दिवस येते, तेवढे दिवस मीटर चढेल, घाबरू नका. आणि बाबा, कपाट एकट्याने ओढू नका, सुताराला बोलवा.

दोष कपाटाचा की रंगाचा, याची शंका असेल तर काचेच्या दोन स्वच्छ बरण्या घ्या. एकीत उरलेला एमडीएफचा तुकडा, दुसरी रिकामी. झाकणं लावून उबेत रात्रभर ठेवा. सकाळी झाकण काढून मीटर तोंडाशी धरा, आधी रिकाम्या बरणीवर, मग दुसरीवर. नाकावर विसंबू नका, नाकाला काही मिनिटांत वासाची सवय होते.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. तुमची खोली 4 बाय 3 मीटर आणि उंची 3 मीटर धरली, तर 36 घनमीटर. तेवढीच ताजी हवा आत येऊन मिसळत गेली की जुन्या वाफेतली सुमारे 37 टक्के उरते, तिप्पट हवा आली की 5 टक्के. पण कपाट सोडतच राहतं. समजा ते तासाला 5 मिलिग्रॅम सोडतंय: तासाला 25 घनमीटर हवा येत असेल तर खोलीत घनमीटरमागे 0.2 मिलिग्रॅम राहील, 50 आली तर 0.1. म्हणून सकाळी एकदा खिडकी उघडून भागत नाही, बंद केली की आकडा पुन्हा चढतो. खिडकीत पंखा बाहेर फुंकणारा लावा, बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बंद करा आणि समोरचं दार उघडं ठेवा. फट राहिली तर पंखा तीच हवा गोल गोल फिरवत बसतो.

हे सगळं करूनही लागला तरच प्युरिफायर. हेपा फिल्टर धूळ धरतो, वायू नाही. वायूसाठी कार्बन लागतो आणि तो वजनावर बघायचा. जाळीवर काळी भुकटी फवारलेली असेल तर ती लवकर भरते. किलोच्या हिशेबात दाणेदार कार्बन हवा. साधा कार्बन टोल्यूइन छान धरतो, फॉर्माल्डिहाइडचा रेणू मात्र त्यातून निसटतो. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट मुरवलेल्या गोळ्या लागतात: ताज्या जांभळ्या, संपल्या की तपकिरी. दमट हवेत पाणीच कार्बनमधली जागा अडवतं, आणि भरलेला कार्बन तापला की धरलेली वाफ परत सोडतो. कार्बन उन्हात ठेवून ताजा होतो, यावर विसंबू नका. ओझोन सोडणारं यंत्र तर घरात आणूच नका. सुवासिक क्लीनरमधल्या लिंबा-संत्र्याच्या वासाच्या लिमोनीनशी ओझोनची गाठ पडली की फॉर्माल्डिहाइडच तयार होतं.

आई, कुंड्या हौसेने ठेव, पण यासाठी नको. झाडं हवा शुद्ध करतात असं ज्यावरून सांगतात, तो नासाचा 1989चा प्रयोग लहान बंद पेट्यांतला होता. खोलीतल्या नेहमीच्या हवेच्या येण्याजाण्याएवढं काम करायला चौरस मीटरमागे 10 ते 1000 झाडं लागतील, असा 2019च्या आढाव्याचा हिशेब आहे. आणि त्या कपाटात डांबरगोळ्या टाकू नकोस. ती वाफही याच जातीची आहे, मग मीटर कशामुळे ओरडतोय ते कळायचं नाही.

कपाटाच्या मागच्या फळीचा भिंतीकडून काढलेला फोटो पाठवा, आणि तीन दिवसांचे सकाळचे आकडे.

तुमची,
धाकटी