वाडी नेमकी कुठे आहे, ते आधी लिहा

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या पोटाशी वसलेल्या इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती आले, 57 माणसे बेपत्ताच राहिली. वाट पायाची असल्याने जेसीबी वर चढला नाही, ढिगारा हातांनी उपसावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नाव नव्हते. त्याआधी 22 जुलै 2021 ला दरडीखाली गेलेली जी वस्ती ‘तळिये’ म्हणून बातम्यांत आली, तीही त्या गावातली कोंडाळकरवाडी.

गावनकाशात गट, ओढे, शीव दिसते. वाडीची घरे बहुधा दिसत नाहीत. जनगणना तिची माणसे मूळ गावात धरते. घरांच्या मालकीची नोंद करणाऱ्या स्वामित्व योजनेचा ड्रोन गावठाण मोजतो आणि वाडी गावठाणाबाहेर. नावावर विसंबावे, तर रायगडात ठाकूरवाड्या किती ते विचारून पाहा!

वाडीला महसुली गावाचा, म्हणजे सरकारदप्तरी स्वतंत्र गावाचा, दर्जा नंतर. आधी प्रत्येक वाडीचे चार बिंदू घ्या: सर्वांत वरचे घर, सर्वांत खालचे घर, पाण्याची जागा, आणि गाडी थांबते ते ठिकाण. अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे पाच आकडे लिहावेत. तीनच लिहिले तर शंभरेक मीटरचा फरक पडतो, आणि डोंगरात तेवढ्यात सोंड बदलते. कड्याखाली, दाट झाडीत मोबाईलला उपग्रह नीट मिळत नाहीत. उघड्यावर येऊन दोन मिनिटे थांबावे. बिंदू ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून घेतला जाणार नाही एवढे मात्र बघा.

वाडी कधीची, हे शाळेच्या जनरल रजिस्टरात, जन्म-मृत्यू नोंदवहीत, जुन्या मतदारयाद्यांत सापडते. पत्ता मूळ गावाचा असतो, म्हणून आडनावांवरून माग काढावा लागतो. वनजमिनीवरच्या जुन्या वस्त्यांना महसुली गाव होण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1) ने दिला आहे; कागद नसल्यास नियम 13 प्रमाणे दफनभूमी, विहीर, देवाची जागा, वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात. हा नियम माहीत नसल्यासारखे कागदच मागितले जातात, तिथे प्रकरण अडते. इतर वाड्यांसाठी जमीन महसूल संहितेचे कलम 4 आहे.

दर्जा मिळायला वर्षे जातील. चार बिंदू घ्यायला तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कोतवाल (आता महसूल सेवक) आणि वाडीतला एक वाटाड्या पुरतो. येत्या पावसाळ्याआधी हे बिंदू प्रत्येक तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षात भिंतीवर लागलेले हवेत.

आपले,
डोंगरवाड्यांच्या नोंदींचे काम करणारे