दिवे बंद करून बसू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय माई,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. उत्तर फोनवर टाइप करावंसं वाटेना, म्हणून कागद घेतला. उद्या कोजागिरी. दूध आटवायला ठेवण्याआधी हे पत्र टपालात टाकायचं आहे.

दुकानातला तो हलणारा सांगाडा पाहून छकुली रडली आणि तेव्हापासून बाथरूमलाही एकटी जात नाही, असं लिहिलंस. पुढे म्हणतेस, “यंदा हॅलोविन नकोच. दिवे बंद करून आत बसू.” अगं, वेष घालून घरोघरी खाऊ मागायला तिला गल्लीत फिरवू नकोस, खाऊ मागणाऱ्या पोरांनी बेल वाजवली तरी दार उघडू नकोस, सगळं चालेल. पण दिवे बंद करून बसू नकोस. चार वर्षांच्या पोरीला त्यातून एवढंच कळेल की आईसुद्धा घाबरली.

आमचं पहिलं हॅलोविन असंच दाराआड झालं होतं. साल २०१२. २९ ऑक्टोबरला सँडी वादळ आलं आणि आमची वीज गेली. रस्त्यावर झाडं आडवी, तारा लोंबकळत होत्या. गव्हर्नरांनी हुकूम काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकललं, पण थोरल्याला हुकूम काय कळणार? तोही तेव्हा चारच वर्षांचा होता, आणि त्याच्या कॅलेंडरवर ३१ तारखेला भोपळा चिकटवलेला होता. घर गारठलेलं, तिघं एका रजईत. ह्यांनी टॉर्च उभा केला आणि भिंतीवर हातांच्या सावल्या पाडायला लागले. आधी कुत्रा, मग ससा, मग घुबड. मी जुना पांढरा पंचा थोरल्याच्या डोक्यावर टाकला आणि विचारलं, “भुता, तू कुठला? काय खातोस?” तो पंच्याच्या आतून उत्तरं देत होता. वरणभात खातो म्हणाला. “तुला कशाची भीती वाटते?” असं विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “अंधाराची.” वादळापासून तो नीट झोपला नव्हता, पण हे तोवर आम्हाला सांगितलं नव्हतं. मग भुताला सोबत हवी म्हणून पंच्याची घडी करून भोपळ्याच्या दिव्याशेजारी निजवली, आणि तिच्याशेजारी तोही निजला.

म्हणून सांगते, छकुलीला भूत दाखवू नकोस, तिच्याकडून करवून घे. फुगा फुगवून पेल्यावर ठेव. कॉर्नस्टार्चची दाट खळ शिजव, आपल्या आया सुती साड्यांना घालायच्या तशीच. निवल्यावर गाळण्याचं विरविरीत कापड तिच्या हातांनी खळीत बुडवू दे आणि फुग्यावर पसरू दे. खाली जुनी वर्तमानपत्रं घाल, कारण खळ सगळीकडे सांडणारच. रात्रभर वाळलं की सकाळी फुगा फोडायचा. कापड आपल्या पायांवर उभं राहतं! डोळे तिलाच चिकटवू दे, तिरळे झाले तरी हात लावू नकोस. फुग्याचे तुकडे मात्र लगेच उचल.

भोपळा मोठा घे, पण सुरी तुझ्याच हातात ठेव. झाकण तिरपं काप, नाहीतर आत पडतं. बिया आणि रेषे डावाने खरवडायचं काम तिचं. किल्ल्याची माती कालवताना आपण कोपरापर्यंत माखायचो ना, तोच आनंद. तोंड तिला मार्करने काढू दे आणि ते जसं असेल तसंच काप. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेव. कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांतच बसायला लागतो, म्हणून २८-२९ तारखेआधी कापू नकोस. तुमच्या मिनियापोलिसच्या थंडीत गोठला की लिबलिबीत होतो, तेव्हा रात्री आत घे. तिकडची थंडी काही साधी नाही. १९९१ साली हॅलोविनलाच हिमवादळ सुरू झालं आणि तुमच्या शहरात २८ इंचांवर बर्फ पडला. घरातलं हॅलोविन तिथल्या लोकांना काही नवं नाही.

बिया धुऊन, पुसून, तेल-मीठ लावून ३५० फॅरनहाइटला वीसेक मिनिटं भाज. मी थोडं तिखटही लावते. त्या तुम्हा मोठ्यांसाठी, छकुलीला अजून देऊ नकोस. कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट असतो, खायला घेऊ नकोस. घारग्यांसाठी छोटा गोड भोपळा, इथे ‘पाय पम्पकिन’ म्हणतात तो, वेगळा आण. गूळ घालून घारगे छान होतात आणि वाटीने कापले की त्यांना डोळे-तोंडही पाडता येतं.

थोरला मोठा झाल्यावर मी त्याला आयर्लंडच्या जॅकची गोष्ट सांगितली. स्वर्गातही जागा नाही, नरकातही नाही, म्हणून कोरलेल्या सलगमात निखारा घेऊन भटकणारा जॅक. तिकडे खरोखरच सलगम कोरायचे, अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला. छकुलीला मात्र ही गोष्ट इतक्यात नको. तिला भोपळ्यात बसून लेकीकडे निघालेली आपली म्हातारी सांग, आणि हवं तर तिलाच ती म्हातारी कर. नारिंगी टी-शर्टात उशी खोचायची आणि डोक्याला तुझी ओढणी बांधायची, की झाला वेष.

३१ ला शुक्रवार आहे. भाऊबीज २३ लाच होतेय, तेव्हा आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा उतरवू नकोस. संध्याकाळी घरातल्याच दारांवर तिला टकटक करू दे. एका दारामागे तू, दुसऱ्यामागे बाबा, आणि तिसऱ्यामागे टॅबवर आजी. तुझ्याकडे साडेसात वाजतील तेव्हा पुण्यात सकाळचे सहा, आणि आजी चहा घेत असतील. प्रत्येक दारात काहीतरी मिळालं पाहिजे, पण ते खाऊच असावं असं नाही. तिला शेंगदाणा चालत नाही, तेव्हा स्टिकर, खडू, छोटी बाहुली ठेव. बाहेर एखाद्या घरापुढे मोरपंखी रंगाचा भोपळा दिसला तर तिथे खाऊशिवाय काही मिळतं असं समज. ही पद्धत २०१२ साली टेनेसीत सुरू झाली आणि आता देशभर पसरली आहे. पुढच्या वर्षी तिची तयारी असली, तर अशाच एका घरापासून सुरुवात कर.

खोक्यात हात घालून ओळखायचा खेळही आहे. थंड शेवया म्हणजे केस, सोललेली द्राक्षं म्हणजे डोळे. पण आधी तिला खोकं उघडून दाखव, मगच डोळे बांध. आम्ही धाकटीला न दाखवता हात घालायला लावला आणि ती हमसून रडली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. द्राक्षं तोंडात घालू देऊ नकोस, घशात अडकतात. खायला दिलीस तर उभी चिरून दे.

यातलं सगळं करायचं नाही हं. भूत आणि भोपळा एवढं पुष्कळ झालं.

भूत वाळलं की फोटो पाठव. आणि छकुलीने त्याचं नाव काय ठेवलं ते नक्की कळव. आमच्याचं नाव बंडू होतं. तो पंचा अजून कपाटात आहे, आणि थोरला परवा कॉलेजचे अर्ज भरताना त्याबद्दल विचारत होता.

तुझी,
बाकावरची जोडीदार