ताई, माझ्या कुरळ्या केसांसाठी तुला मनापासून थँक्यू

ताई, तुला फोन करून सांगता आलं असतं पण मुद्दाम असं उघड लिहितेय, कारण रिलॅक्सर (केस कायमचे सरळ करणारं केमिकल क्रीम) सोडायचाय पण पुढे काय करायचं ते कळत नाही अशा कितीतरी जणी असतात, वाचतील त्याही.

पहिलं थँक्यू यासाठी की तू मला खोटी आशा लावली नाहीस. मी तेलं, मास्क, केराटिन अशी भलीमोठी यादी घेऊन आले होते, यातलं काय लावलं की कर्ल्स परत येतील, आणि तू सरळ म्हणालीस, काहीच नाही. ब्लो ड्राय केलेला केस पाणी लागलं की परत कुरळा होतो कारण तिथे फक्त हायड्रोजन बाँड हललेले असतात, ते ओले झाले की सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, पण रिलॅक्सर थेट केसाला आकार देणारे आतले पक्के डायसल्फाइड बाँड तोडतो आणि ते काही परत पहिल्यासारखे जुळत नाहीत. डब्यावर नो लाय, म्हणजे कॉस्टिक सोडा नसलेला, असं लिहिलेलं असलं तरी तेच. पण केस मुळातून येतो तो तुझाच येतो गं, त्याला रिलॅक्सर माहीतच नाही, हे तू म्हणालीस तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मग वाट बघणं. महिन्याला साधारण १ सेंटीमीटर, फार तर सव्वा, म्हणजे अख्ख्या वर्षात १२ ते १५. मी सारखी पट्टी लावून बघायचे, तू ती पट्टीच काढून घेतलीस!

आणि तो सांधा. वरचा कुरळा केस संपून खालचा सरळ सुरू होतो ती जागा, तिथेच केस तुटतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तू माझी एक बट हातात घेतलीस, कंडिशनरने पार बुळबुळीत केलीस, सांध्याच्या वर दोन बोटांनी घट्ट धरलीस म्हणजे ओढ वर जाणार नाही, आणि मोठ्या दातांची फणी अगदी टोकाशी लावून थोडी थोडी वर सरकवत नेलीस, गुंता आला की फणी बाजूला आणि बोटांनी सोडवायचा. मी आयुष्यभर वरून खाली खसाखसा विंचरत आलेली बाई, मला ते बघूनच पेशन्स संपल्यासारखं झालं होतं, पण त्याच दिवसापासून फणीत येणारे तुकडे कमी झाले.

सगळे सांगत होते की एकदाच काय ते कापून टाक. तू स्वतः तेच केलेलंस तरी मला एकदाही आग्रह केला नाहीस. उलट ओल्या केसांचे पीळ घालून टोकांना रोलर लावायला शिकवलंस, म्हणजे वरचं खालचं एकसारखं दिसतं, आणि पीळ सैलच ठेव म्हणालीस, कारण रोज ताणून बांधलं की कपाळाजवळचे केस जातात ते जातातच. मुळं सपाट दिसावीत म्हणून इस्त्री फिरवायची नाही हा तुझा एकच कडक नियम, नवीन केस जाळलास तर परत शून्यापासून!

पार्लरमध्ये गेलं की मात्र किती फुगलेत, एक टचअप करून घ्या ना, म्हणजे मुळांशी वाढलेल्या केसांना पुन्हा रिलॅक्सर, हे ठरलेलंच. तेव्हा तू तो २०२२ चा अमेरिकेतला अभ्यास दाखवलास, ३३ हजारांहून जास्त बायकांचा, वर्षात ४ पेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची केमिकल्स वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण दुपटीपेक्षा जास्त दिसलं होतं. पण घाबरवलं नाहीस, हा संबंध दिसलाय, रिलॅक्सरमुळेच होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि मुळात हा कॅन्सर फार जणींना होत नाही, हेही लगेच सांगितलंस. असं दोन्ही बाजूंनी सांगणारं माणूस मिळत नाही गं.

तर, गेल्या आठवड्यात उरलीसुरली सरळ टोकं कापली. मानेजवळ मोठाल्या लाटा आणि टाळूवर बारीक स्प्रिंगा, एकाच डोक्यावर दोन प्रकार, तू म्हणालेलीस तसंच. माझ्या एका मैत्रिणीने नुकताच टचअप बंद केलाय आणि तीही तेल-मास्कची यादी करत बसलीय, तिला तुझा नंबर देऊ ना?