दुसऱ्या फोटोनंतरचं कुणी का छापत नाही?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अधूनमधून वजन उतरवलेल्या माणसांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी शेजारी येतात. पहिल्यात माणूस ओशाळलेला, दुसऱ्यात कमरेवर हात ठेवून उभा. खाली काय खाल्लं, किती चालले, किती किलो गेले, याचा हिशेब. तो दुसऱ्या फोटोतला माणूस घरी जाऊन लाकडी खुर्चीत टेकतो तेव्हा त्याचं काय होतं, हे मात्र आजवर माझ्या वाचनात आलेलं नाही. मी त्या दुसऱ्या फोटोतल्यांपैकीच एक आहे, म्हणून हे पत्र.

वय ५२, शाळेत गणित शिकवते. दीडेक वर्षात ९१ किलोंवरून ६९ वर आले. ते कसं, हे सांगत बसत नाही. त्यावर आपले रकाने भरलेले असतातच. नंतर जे झालं त्याची कल्पना मला कुणीच दिली नव्हती, तक्रार एवढीच आहे.

सुरुवात खुर्चीपासून झाली. वर्गात तीच खुर्ची, तेच टेबल, तपासायच्या वह्यांचा तोच गठ्ठा. पण अर्धा गठ्ठा होईपर्यंत माकडहाड असं ठणकू लागलं की उभ्यानेच वह्या तपासाव्या लागल्या. आधी वाटलं कुठेतरी आपटलं असेल. डॉक्टरांनी पाठ तपासली आणि सरळ विचारलं, “वजन किती उतरलंय?” बसताना हाडाखाली जी गादी होती तीच गेली होती. माकडहाडाच्या दुखण्याच्या कारणांत झपाट्याने उतरलेलं वजनही धरतात म्हणे. आता मी तासाला काखेत उशी घेऊन जाते. नववीच्या मुलांना पहिले काही दिवस त्याची फार मजा वाटली, मग सरावली.

या उशीला मोठा पूर्वइतिहास आहे, हे नंतर वाचनात आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता. २४ आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने घटलं. त्यांनाही कडक खुर्चीवर बसवेना, आणि ऐन उन्हाळ्यात थंडी वाजायची. ते मुळात सडपातळ होते आणि खरोखर उपाशी होते, माझं तसं नव्हतं. पण त्यांच्या तक्रारी वाचताना आपलीच तक्रारवही कुणीतरी आधी लिहून ठेवल्यासारखं वाटलं.

थंडीचंही तसंच. शिक्षकखोलीत पंखा पाचवर ठेवा म्हणून भांडणारी मीच. आता त्याच पंख्याखालून उठून भिंतीकडेला जाऊन बसते. सहकाऱ्यांना ही माझी नाटकं वाटतात. कातडीखालच्या चरबीचा थर अंगातली ऊब धरून ठेवतो, तो पातळ झाला. शिवाय कमी खाण्याची सवय झालेलं शरीर काटकसर करायला लागतं, उष्णताच कमी तयार करतं. बोटं गार, नाकाचा शेंडा गार.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती सांगते. एकदा अंघोळ करताना छातीच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या बरगड्या जिथे येऊन मिळतात त्याच्या जरा खाली, हाताला एक टणक टोक लागलं. दाबलं तर थोडं दुखायचं. तिथे कधीच काही लागलं नव्हतं. मनात गाठ हा शब्द आला की पुढचं सगळं मनच रचत जातं. घरात कुणाला न सांगता चार दिवस मी ते टोक चाचपत होते, आणि चाचपून चाचपून ते आणखी दुखायला लागलं. डॉक्टरांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे तुमच्या जन्मापासून आहे. छातीच्या हाडाचं खालचं टोक. चरबीखाली होतं, आता लागतंय.” त्याला झायफॉइड म्हणतात. लहानपणी ते कूर्चेचं असतं, वय वाढेल तसं त्याचं हाड होत जातं. बारीक झालेल्या पुष्कळ लोकांना ते अचानक सापडतं आणि ते असेच घाबरत येतात, असंही त्यांनी सांगितलं. मग हे आधीच एका ओळीत कुणी सांगायला काय हरकत होती? अर्थात नवी गाठ लागली तर ती दाखवलीच पाहिजे; हाडच असेल असं आपणच ठरवून घरी बसणं नको.

कानाचं प्रकरण याहून विचित्र. वर्गात शिकवताना माझाच आवाज माझ्या उजव्या कानात घुमायला लागला. फळ्याकडे तोंड करून “समजा क्ष बरोबर…” म्हणावं, तर तो ‘क्ष’ डोक्यात दणकून परत यायचा. नुसता श्वास घेतला तरी कानात फूस-फूस ऐकू यायचं. गंमत अशी की आडवं झालं की बंद. सर्दीने कानाला दडा बसला असेल म्हणून पहिल्यांदा एका ठिकाणी मला नाक मोकळं करणारे थेंब दिले. त्याने उलट जास्त घुमायला लागलं. शेवटी एका कानाच्या डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून कानाचा पडदा बघता बघता एक नाकपुडी दाबून मला जोरात श्वास घ्यायला लावला. पडदा श्वासाबरोबर आतबाहेर हलत होता. घशाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते, युस्टेशियन नळी. ती एरवी मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना तेवढी उघडते. ती मिटलेली राहायला तिच्या शेजारच्या चरबीच्या छोट्याशा गादीचा आधार असतो. वजन उतरतं तेव्हा तीही उतरते, नळी उघडी राहते आणि आपला आवाज आतल्या वाटेने थेट कानात पोचतो. आडवं झाल्यावर तिथल्या शिरा भरतात, नळी मिटते. थेंब बंद करा, पाणी भरपूर प्या, पोटात अन्न कमी पडू देऊ नका, एवढंच त्यांनी सांगितलं. आता बरंच कमी आहे. कानाच्या आत चरबी असते आणि तीही आपल्या कामाची असते, हे पन्नाशी उलटल्यावर कळावं!

पायावर पाय टाकून बसण्याबद्दलही लिहायला हवं. जाड मांड्यांच्या बाईला ते जमत नाही. मला ते वीसेक वर्षांनी पुन्हा जमलं, तेव्हा मी बैठकीत, घरी, दवाखान्यात, जिथे खुर्ची मिळेल तिथे तशीच ऐटीत बसू लागले. मग पोटरीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या आणि पाऊल जरा बधिर वाटू लागलं. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा असतो, त्याला वळसा घालून एक नस जाते. तिच्यावरची चरबी गेली की पायावर पाय टाकल्यावर ती हाडावर दाबली जाते. जास्त झालं तर पाऊल वर उचलता येईनासं होतं, चालताना बोटं जमिनीला घासतात. माझं मुंग्यांवरच थांबलं. ऐट मात्र बंद.

केसांबद्दल थोडक्यात. वजन झपाट्याने उतरल्यावर दोनतीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, कारण शरीराला ताण पडला की एकदम बरेच केस वाढ थांबवून विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि मग सुटतात. साधारण सहा महिन्यांत आवरतं. माझं आवरलं. न आवरल्यास रक्त तपासून घ्यावं.

घोरणं गेलं. हे तर चांगलंच झालं, पण त्याचाही त्रास आमच्या ह्यांना झाला. वर्षानुवर्षं त्या आवाजाच्या सोबतीने झोपलेला माणूस, अचानक खोली शांत झाल्यावर रात्री दचकून उठायचा आणि माझ्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचा. माझी झोप मोडायची ती त्या बोटाने. जिभेतही चरबी असते, हे मला याच निमित्ताने कळलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की वजन उतरल्यावर जिभेतली चरबी कमी होते, आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास कमी होण्यामागे तिचा मोठा वाटा असतो.

ह्यांनीच एकदा चहा पिता पिता विचारलं, “बावीस किलो गेले, पण गेले कुठे?” घामातून, शौचातून, ‘जळून’, अशी उत्तरं आम्ही दोघांनी देऊन बघितली. खरं उत्तर श्वासातून. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब मांडला: १० किलो चरबी जाते तेव्हा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. मी तो हिशेब दहावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवला. एवढा कान देऊन तो वर्ग माझं क्वचितच ऐकतो.

औषधांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. मी रक्तदाबाची गोळी घेत होते. वाकून खालच्या कप्प्यातली वही काढून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. अशक्तपणा, कमी खाण्याचा परिणाम, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मोजल्यावर वरचा आकडा शंभराच्या आसपास. गोळी ९१ किलोंच्या बाईला बेताने दिलेली होती, ती आता जास्त होत होती. डॉक्टरांनी ती आधी निम्मी केली, मग बंद. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशीच एकदम खाली जाऊ शकते, आणि ते अंधारीपेक्षा जास्त धोक्याचं. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही हे खरंच. पण वजनाचा काटा खाली जात असताना जुनी चिठ्ठी तशीच चालू ठेवायची नाही, हेही तितकंच खरं. तसंच पित्ताशयातल्या खड्यांचं. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरवलं की त्यांचा धोका वाढतो. ‘महिन्यात दहा किलो’च्या जाहिरातीत हे कुठे असतं?

अंग बदललं तरी डोक्यातलं माप जुनंच राहतं. बाकांच्या दोन रांगांमधून जाताना मी अजून आडवी होते, आणि मुलं बाक सरकवून घेतात, सरकवायची गरज नसताना. दुकानातून उचललेला कपडा घरी येऊन दोन मापं मोठा निघतो. अंगठी हात धुताना सुटली, घड्याळ कोपरापर्यंत जातं, चष्मा नाकावरून घसरतो, जुनी चप्पलही सैल. कुशीवर झोपलं की गुडघ्यावर गुडघा लागून दुखतो, मध्ये उशी लागते. म्हणजे उशा एकूण दोन झाल्या.

गुडघ्यांबद्दल मात्र फक्त चांगलंच. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, असं गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवर २००५ साली झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. आता मधल्या जिन्यात कठडा धरून मुलांच्या चौकशा करत थांबावं लागत नाही.

आणि लोक. पहिले दहा किलो “छान दिसतेस!” पुढच्या बारांना आवाज खाली येतो: “बरी आहेस ना? तपासलंस का सगळं?” गाल बसले, मान सुरकुतली, त्यामुळे मी पाच वर्षांनी मोठी दिसते हे खरं आहे. प्रयत्न न करता वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं तर तपासून घ्यायलाच हवं, म्हणून अशा चौकशीचा मला राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या बैठकांत माझं वाक्य मध्येच तोडलं जायचं, तिथे आता ते पूर्ण ऐकून घेतात. बोलणारी बाई तीच, मुद्देही तेच. मग आधी काय ऐकू येत नव्हतं?

भूक अजून आहे, हेही सांगून टाकते. चरबीच्या पेशी वजन उतरल्यावर आकाराने लहान होतात, संख्येने फारशा घटत नाहीत. भूक वाढवणारी संप्रेरकं वजन उतरवल्यावर वर्षभरानेही चढलेलीच असतात, हे ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासात आढळलं आहे. त्यामुळे पुन्हा वजन वाढलेल्या माणसाला ‘मनाचा कच्चा’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आपल्याला विनंती एवढीच. यापुढे असे दोन फोटो छापाल तेव्हा खाली त्या माणसाला आणखी चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरंही छापा: कशावर बसता, थंडी वाजते का, औषधांची मात्रा कुणाकडून तपासून घेतली, आणि फोटोनंतर दोन वर्षांनी काटा किती दाखवतो. चौथ्या प्रश्नासाठी दोन वर्षं थांबावं लागेल, तर थांबा. माझं नाव छापायला हरकत नव्हती, पण शाळेतली मुलं उशीवरून आधीच पुरेशी चिडवतात, तेव्हा ते वगळावं.

आपली नियमित वाचक,
एक गणित शिक्षिका