वेलंकणीला निघालेल्या माझ्या बाळाला

बाळा,

फोनवर सांगायला गेलं की तू हो मम्मी हो मम्मी करतोस आणि मागे तुझ्या रूममेट्सचा दंगा, म्हणून लिहूनच पाठवतेय, गाडीत निवांत वाच, दीड दिवस आहे तुझ्याकडे. वेलंकणी माउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, सणाच्या स्पेशल गाडीची तिकिटं कन्फर्म झाली ते फार बरं झालं. ती गाडी वांद्रे टर्मिनसवरून थेट तामिळनाडूत वेलंकणीपर्यंत जाते, पूर्वी असं नव्हतं रे, नागपट्टिणमपासून पुढे वेलंकणीपर्यंतचे रूळ आले 2010 मध्ये, त्याआधी सगळे नागपट्टिणमला उतरायचे आणि बॅगा पोरं सांभाळत बस पकडायचे, पप्पा आणि मी लग्नानंतर गेलो ते तसेच.

तू पुण्याहून डायरेक्ट वांद्र्याला येतोयस ना, तर पप्पा प्लॅटफॉर्मवर येतील आणि तुला एक लिफाफा देतील, त्यात तिथे मेणबत्त्या लावायला लोकांनी दिलेले पैसे आहेत. तू चाललायस हे गावठाणात कळल्यापासून रोज कोणी ना कोणी घरी येतंय. दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंनी गुडघ्यासाठी पैसे दिलेत, त्या दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातात, कपाळाला कुंकू लावून, पावसात पण चुकवत नाहीत, तुला माहितीये. समोरच्या रिक्षावाल्या दादांनी मुलीच्या डिलिव्हरीसाठी दिलेत. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्यांनी तर काय मागायचं ते सांगितलंच नाही, नुसतं माझं नाव घे म्हणाले. सगळ्यांची नावं आणि कशासाठी ते मी कागदावर लिहिलंय. तू मित्रांबरोबर जातोयस, मजा करा, गिटार न्या, रात्रभर गाणी म्हणा, पण हे काम नीट कर. एकदम सगळ्या मेणबत्त्या लावून मोकळा होऊ नकोस. एक मेणबत्ती हातात घ्यायची, त्या माणसाचं नाव घ्यायचं, त्याचं दुखणं सांगायचं, मग ती लावायची, मग दुसरी. वेळ लागला तर लागू दे, मित्र थांबतील.

का एवढं सांगते ते ऐक. तू झालास तेव्हा दिवस भरायच्या आधीच झालास, काचेच्या पेटीत होतास आणि मला फक्त लांबून बघायला द्यायचे. आपल्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण तेव्हा वेलंकणीला निघाली होती. ती वॉर्डच्या दारात आली, हाताला बोंबलाचा वास तसाच, आणि विचारलं पोराचं नाव काय. नाव कुठे ठेवलं होतं, बाप्तिस्मा पण व्हायचा होता. तर म्हणाली बरं मग मी हिचा पोरगा एवढंच सांगते, माउलीला कळतं. पैसे देत होते ते घेतले नाहीत. परत आली तेव्हा तिथल्या तेलाची छोटी बाटली घेऊन आली आणि तोपर्यंत तू माझ्या मांडीवर होतास. मी मानते की ती तिथे तुझ्यासाठी उभी राहिली म्हणून. आज ती नाही. म्हणून तिच्या नावाची एक मेणबत्ती तू लाव, ती कागदावर सगळ्यात वर आहे.

तिथे 29 ऑगस्टला झेंडा चढतो आणि 8 सप्टेंबरला सण, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा गर्दी अगदी टोकाला असेल. भगवे कपडे घालून कित्येक दिवस पायी चालत आलेले लोक दिसतील, मुंडण केलेले दिसतील, जुन्या चर्चपासून माता कुळमपर्यंत, म्हणजे माउलीच्या तळ्यापर्यंत, वाळूतून गुडघ्यावर जाणाऱ्या बायका दिसतील, त्यांचे व्हिडिओ काढू नका प्लीज. माउलीला साडी नेसवलेली असते, बघशीलच, मला तर ते बघून पहिल्यांदा रडूच आलं होतं, आपल्या घरातलीच वाटते ती. सणात मराठीत पण मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, होते, वेळ तिथे विचारून घे आणि चुकवू नकोस. 7 तारखेच्या संध्याकाळी मोठा रथ निघतो तेव्हा धक्काबुक्की होते, मोबाईल लागेलच असं नाही, त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ती जागा पोचल्या पोचल्या ठरवून ठेवा.

आणि तुझा तो अंधेरीचा मित्र, जो ख्रिश्चन नाही पण आवडीने येतोय, त्याला आधीच सांगून ठेव की कम्युनियनला, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घ्यायला, उठायचं नसतं, जागेवर बसून राहिलं तरी चालतं. नाहीतर सगळे रांगेत उभे राहतात आणि बिचाऱ्याला कळत नाही काय करावं. बाकी सगळ्यात त्याला बरोबर घ्या, तिथे कोणी कोणाला धर्म विचारत नाही.

समुद्रात उतरायचं नाही. पाय भिजवा, बस. 26 डिसेंबर 2004 ला सुनामी आली तेव्हा नाताळचा दुसरा दिवस होता, रविवार, किनाऱ्यावर किती तरी यात्रेकरू होते आणि ते परत घरी गेले नाहीत. तिथे गेल्यावर त्यांच्यासाठी पण एक प्रार्थना करा सगळे मिळून. आणि एरवीही ती लाट आपल्या जुहूसारखी नाही, पोहता येतं वगैरे मला सांगू नकोस.

इथे पाऊस आहे म्हणून रेनकोट भरशील, तिथे ऊन असतं कडक, टोपी आणि ओआरएसची पाकिटं घे. परत आलास की 8 तारखेनंतरच्या रविवारपासून वांद्र्याची जत्रा आहेच, मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चला, आपण सगळे एकत्र जाऊ, मित्रांना पण घरी जेवायला घेऊन ये, मी तळलेले फुगे आणि व्हिंदालू करते.

लिफाफ्यातले पैसे वेगळ्या खिशात ठेव, तुमच्या खर्चात मिसळायचे नाहीत. तेलाच्या बाटल्या जास्त आण आणि काकूंची बाटली मी नाही देणार, तू स्वतः दुसऱ्या माळ्यावर जाऊन दे, त्या विचारतील माझं नाव घेतलंस का.

तुझी मम्मी