तंबाखूपुढे चर्चनेही मान तुकवली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या २५० वर्षांवरचा लेख वाचला. छान जमलाय, भाषाही सोपी. फक्त सुरुवातीलाच जे ठोकून दिलंय ना, की लोक धर्मस्वातंत्र्याच्या ओढीने तिकडे गेले आणि त्यातून देश घडला, तिथे मी अडखळलो. काही लोक धर्मासाठी गेले हे खरंच आहे, पण गेल्यावर ते कसे जगले हे बायबलने जेवढं ठरवलं त्याच्याहून जास्त तिथल्या मातीने, नद्यांनी आणि डासांनी ठरवलं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलाय, त्यामुळे माझं माप तिकडे झुकणार हे धरूनच वाचा.

दक्षिणेकडच्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीचंच बघा. १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि पोरं जेम्सटाउनला उतरली, ती एका कंपनीने नफ्यासाठी पाठवलेली. जागा निवडली ती स्पॅनिश जहाजांपासून आडोसा मिळावा आणि आपलं जहाज किनाऱ्याला लागावं म्हणून, पण ती निघाली दलदलीची, पाणी मचूळ, उन्हाळ्यात ताप आणि हगवण, आणि पुढे १६०९-१० च्या हिवाळ्यात तर उपासमारीने शेकडो माणसांतली जेमतेम साठेक उरली. धर्म तिथेही होताच, म्हणजे सरकारी इंग्लिश चर्च, आणि १६११ च्या सुमाराला कागदावर नियम असा की रविवारची प्रार्थना तिसऱ्यांदा चुकवली तर देहदंड! पण मग तंबाखू आला आणि सगळं चित्रच फिरलं. तंबाखू तीन-चार वर्षांत जमीन खाऊन टाकतो, मग नवीन जमीन तोडा, परत पुढे सरका, आणि तिथल्या नद्या इतक्या रुंद आणि खोल की लंडनचं जहाज थेट मळेवाल्याच्या खाजगी धक्क्याला लागायचं. मग बाजारपेठेचं गाव हवंय कशाला? गावंच धड वसली नाहीत, घरं नदीकाठाने मैलोन्‌मैल विखुरलेली, एकेक पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) तीस-तीस मैल लांब, आता एवढ्या लांबून दर रविवारी कोण येणार चर्चला? माणूस गेला तरी चर्चच्या आवारात न्यायच्या ऐवजी मळ्यातच पुरायचे.

आणि पाद्रीबुवांचा पगार कशात, तर तंबाखूत. कायद्याने वर्षाला १६,००० पौंड (वजनाचे) तंबाखू. आता ज्या पॅरिशमध्ये ‘स्वीट-सेंटेड’ नावाचा महागडा तंबाखू पिकायचा तिथे जायला पाद्री एका पायावर तयार, आणि जिथे हलका ‘ओरोनोको’ पिकायचा तिथे कोणी फिरकायला मागेना. म्हणजे कुठल्या गावाला चांगलं प्रवचन मिळणार हे जमिनीचा पोत ठरवत होता. त्यातून अख्ख्या अमेरिकेत इंग्लिश चर्चचा एकही बिशप (पाद्र्यांचा वरिष्ठ) नाही, पाद्री व्हायची दीक्षा घ्यायची तर समुद्र ओलांडून इंग्लंडला जा, त्यामुळे चर्चचा कारभार मळेवाल्यांच्या कमिटीच्या हातात आणि पाद्री त्यांचा नोकर. १७५८ मध्ये दुष्काळात तंबाखूचा भाव चढला तेव्हा असेम्ब्लीने (तिथल्या कायदेमंडळाने) ठरवलं की यांना तंबाखू न देता पौंडाला दोन पेनीच्या हिशेबाने पैसे द्यायचे, पाद्री भडकले, राजाने तो कायदा रद्द केला, मग एका पाद्र्याने राहिलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावला आणि १७६३ मध्ये ज्युरीने त्याच्या हातावर भरपाई टेकवली, किती, तर एक पेनी. समोरचा वकील होता पॅट्रिक हेन्री, हाच पुढे स्वातंत्र्याचा मोठा वक्ता झाला.

हे हसण्यावारी नेता येईल, पण पुढचं येत नाही. तंबाखूला मजूर लागतात, आधी करारावरचे गोरे होते, मग आफ्रिकेतून आणलेले गुलाम. आता प्रश्न आला की गुलामाला बाप्तिस्मा दिला तर तो ख्रिस्ती झाला, मग ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवायचं कसं? १६६७ मध्ये व्हर्जिनियाची असेम्ब्ली कायदा करून मोकळी झाली, बाप्तिस्म्याने माणसाची गुलामी सुटत नाही. तुमच्या लेखात याची एक ओळही नाही, आणि मला वाटतं धर्म आणि जमीन यांची टक्कर झाली की कोण जिंकतं हे यापेक्षा स्वच्छ कुठेच दिसत नाही.

उत्तरेला न्यू इंग्लंडमध्ये उलटं दिसतं, निदान सुरुवातीला. तिथे जमीन खडकाळ, हिवाळा लांब, विकायला मोठं पीक नाही, म्हणून छोटी शेतं, घरचीच माणसं राबणार, आणि प्युरिटन लोकांना (इंग्लिश चर्च आणखी ‘शुद्ध’ करू पाहणारा कडक पंथ) पण हेच हवं होतं की सगळे एका ठिकाणी राहावेत, एकमेकांवर लक्ष राहील. १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये तर नियम केला की नव्या गावात प्रार्थनाघरापासून अर्ध्या मैलाच्या पलीकडे घर बांधायचं नाही! त्या प्रार्थनाघरात शेकोटी नाही आणि प्रवचन तासन्‌तास. बोस्टनच्या सॅम्युअल स्यूअलने जानेवारी १६८६ मध्ये डायरीत लिहून ठेवलंय की थंडी इतकी की प्रसादाचा पाव गोठून कडक झाला आणि ताटात मोडताना खडखड वाजला. पण याच थंडीने मलेरिया लांब ठेवला, माणसं जगली, आजी-आजोबा नातवंडं बघू लागले, तिकडे दक्षिणेत नवरा तरुणपणी तापाने जायचा आणि बाई दुसरं-तिसरं लग्न करायची. उत्तरेतली ती घट्ट कुटुंबं फक्त श्रद्धेमुळे टिकली असं म्हणणारा एकदा हवामानाचा नकाशा बघून येऊ दे.

तरी तो अर्ध्या मैलाचा नियम टिकला किती, तर पाच वर्षं. १६४० ला रद्द. गुरांना कुरणं हवीच होती. शेजारच्या प्लायमथमध्ये १६३२ मध्येच लोक गुरं घेऊन डक्सबरीला सरकले, वेगळं चर्च मागितलं, आणि गव्हर्नर ब्रॅडफर्ड बिचारा खंत करत बसला.

आता स्वातंत्र्याचं. प्युरिटनांना स्वातंत्र्य हवं होतं ते स्वतःपुरतं. धर्माबद्दल वेगळं मत मांडणाऱ्या रॉजर विल्यम्सला हाकललं, अ‍ॅन हचिन्सनला हाकललं, नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड, आणि मेरी डायर या क्वेकर (प्युरिटनांना न मानवणारा शांततावादी ख्रिस्ती पंथ) बाईला १६६० मध्ये बोस्टनला फाशी दिलं, गुन्हा काय तर हद्दपार केल्यावरही ती परत आली. आणि जमीन कुणाची होती? प्लायमथ उभं राहिलं ते पटुक्सेट नावाच्या मूळ रहिवाशांच्या गावाच्या जागेवर, १६१६ ते १६१९ च्या साथीत ते गाव ओस पडलेलं, शेतं आयती साफ. पुढे देवीच्या साथीत आणखी लोक मेले तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा प्युरिटन पुढारी विन्थ्रॉप याने लिहिलं की या जमिनीवरचा आमचा हक्क देवानेच निर्वेध केला. साथीला दैवी सातबारा म्हणायचा हा प्रकार, अजून काय बोलणार.

पेनसिल्व्हेनियाचं मात्र वेगळं जमलं. विल्यम पेन या क्वेकराला ती जमीन मिळाली १६८१ मध्ये, बापाचं राजाकडे येणं होतं त्याच्या बदल्यात, आणि देणारा राजा दुसरा चार्ल्स, म्हणजे ज्याने आपली मुंबई हुंड्यात मिळवून १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली तोच. (राजांचे असे व्यवहार बघितले की आजचे बिल्डर बरे वाटतात.) तिथली माती सुपीक, गहू भरपूर, आणि क्वेकरांनी सगळ्या पंथांना दार उघडं ठेवलं म्हणून जर्मन शेतकरी लोटले. त्यातल्याच जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. गव्हाला बारमाही मजूर लागत नाहीत, त्यामुळे हे बोलणं त्यांना तंबाखूवाल्यांपेक्षा सोपं होतं हे खरं, पण बोलले ना! दक्षिण कॅरोलायनात भाताची दलदल होती, तिथे १७०८ च्या सुमारास गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली, तिथून असं कुणी काही लिहिलं नाही.

एक गोष्ट मात्र प्युरिटनांच्या खात्यात जमा करावीच लागेल. बायबल स्वतः वाचता यावं म्हणून १६४७ मध्ये त्यांनी कायदा केला की ५० घरांच्या गावाने मास्तर ठेवायचा. घरं जवळजवळ होती म्हणून शाळा चालली, व्हर्जिनियात पोरं नावेने आणणार होते का? आणि याच चर्चच्या परंपरेतले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, त्याच मिशनच्या, पण नंतर आलेल्या सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींना शिकवलं, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग त्यांच्याकडे घेतलं. मराठी पेपरात लेख लिहिताना हे सुटायला नको होतं.

लेखाचा दुसरा भाग येणार असं खाली छापलंय, तर एक विनंती. त्यात त्या १३ कॉलन्यांचा रंगीबेरंगी नकाशा नको, तो सगळीकडे असतो, नद्या, पाऊस आणि कुठे काय पिकायचं ते दाखवणारा नकाशा टाका. आणि जरा मोठा छापा, मागच्या वेळचा भिंग घेऊन पण वाचता आला नाही.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त शिक्षक), सातारा